किटुईच्या बालग्रामातलं मूल कशावर वाढतं?

पुण्यात एमएसडब्ल्यू केलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती नैरोबीला आली आहे आणि केनियाच्या किटुई भागातल्या एका बालग्रामात वर्षभर काम करायची संधी तिला चालून आली आहे. ती विचारते: तिथे मुलांचा दिवस कसा जातो? मुलं खरोखर वाढतात, की वसतिगृहासारखी नुसती राहतात? आणि तिथे जाऊन मी नेमकं काय पाहावं, काय करावं?

लहान मुलांचं पोषण आणि संगोपन हेच माझं काम. त्यातली बरीच वर्षं पूर्व आफ्रिकेत, किटुई-मचाकोसच्या कोरडवाहू पट्ट्यात गेली. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देते. मूल वाढतं ते घरात रोज तेच माणूस असल्यामुळे. जेवण, औषध, शाळा हे सगळं लागतंच, पण ते अंगी लागायला ते एक माणूस लागतं. म्हणून बालग्राम बघायला जाल तेव्हा संगणकाची खोली आणि देणगीदारांच्या नावांच्या पाट्या सावकाश बघा. आधी विचारा, या घरातली आई किंवा आजी किती वर्षं याच घरात आहे?

बालग्राम आपल्याला नवं नाही. पुण्यात येरवड्याला आणि अलिबागजवळ सोगावला एसओएसची बालग्रामं आहेत. दुसऱ्या महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी हर्मन ग्माइनर यांनी १९४९ साली ऑस्ट्रियातल्या इम्स्ट गावी ही पद्धत सुरू केली. प्रत्येक मुलाला एक आई, भावंडं, स्वतःचं घर आणि घराभोवती गाव, एवढी साधी तिची मांडणी. केनियात नैरोबी, मोम्बासा, मेरू, एल्डोरेट, किसुमु इथे याच धर्तीची बालग्रामं उभी राहिली.

किटुईत मात्र वेगळं घडलं. तुमच्या संस्थेचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्या भागातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घेते, ते म्हणजे न्युम्बानी व्हिलेज. फादर अँजेलो डागोस्टिनो हे अमेरिकन जेझुइट धर्मगुरू, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी सिस्टर मेरी ओवेन्स यांच्या साथीने १९९२ साली नैरोबीच्या कारेन भागात एचआयव्ही असलेल्या पोरक्या मुलांसाठी घर काढलं. तेव्हा औषधं परवडण्यासारखी नव्हती, मुलं दगावत होती. १९९९ साली केनिया सरकारने एड्स ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मधली पिढीच गेली होती. एका बाजूला आईबाप नसलेली मुलं, दुसऱ्या बाजूला म्हातारपणी पोटची पोरं गमावलेले आजी-आजोबा. या दोघांना एका घरात आणायचं, हा विचार घेऊन २००६ साली किटुईत न्युम्बानी व्हिलेज सुरू झालं. तिथल्या स्थानिक कौन्सिलने सुमारे १,००० एकर जमीन दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फादर वारले. मुलं साधारण १,०००, आजी-आजोबा १००, एका आजीच्या घरात दहाच्या आसपास मुलं, आणि चार-चार घरांचा एकेक पुंजका, असं ते गाव वाढत गेलं. नातवंडं रक्ताची काही, बाकीची नाहीत. पण एका छपराखाली ती सगळी तिचीच.

किटुई भागातल्या कांबा लोकांत आजीला सुसू म्हणतात. मुलं तिला त्याच नावाने हाक मारतात, तुम्हीही तसंच म्हणा. नाव घेऊन हाक मारू नका.

आता दिवस. किटुई विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे वर्षभर सकाळी साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी तेवढ्याच वाजता अंधार पडतो. मुलं अंधारातच उठतात. मोठी मुलगी चूल पेटवते, दुसरं कोणी अंगण झाडतं, दोघं-तिघं पिवळे, वीस लिटरचे कॅन घेऊन पाण्याला जातात. सकाळचं खाणं म्हणजे उजी, मक्याच्या किंवा बाजरी-नाचणीच्या पिठाची पातळ पेज. साखर असेल तर साखर घालून, नसेल तर तशीच. ती पिऊन, गणवेशाचा स्वेटर अंगात चढवून मुलं शाळेला निघतात. गावातच शाळा असेल तर पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर लाल मातीच्या वाटेने तासभर पायपीट. दुपारी शाळेत गिथेरी, म्हणजे मका आणि राजमा एकत्र शिजवून. किटुईकडे मक्याचं टरफल काढून करतात त्याला मुथोकोई म्हणतात, आणि तिथल्या मुलांना ते फार आवडतं. तीन-साडेतीनला वर्ग सुटतात, मग तासभर खेळ.

खेळ बघायला मुद्दाम वेळ काढा. मुली काती खेळतात. दोघी दोन टोकांना उभ्या राहून चेंडू मारतात, मधल्यांनी तो चुकवायचा. मुलं फुटबॉल खेळतात, शिवाय गोट्या. पूर्वी प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक कोंबून, वरून सुतळी आवळून चेंडू करायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये केनियाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली तेव्हापासून चिंध्यांचे चेंडू जास्त दिसतात. नवीन आलेलं मूल कधी खेळात उतरतं, याची तारीख मी नोंदवहीत लिहायला लावते. वजनाच्या रकान्याशेजारीच लिहायची. बरीच मुलं पहिले काही आठवडे कडेला उभी राहून बघतात. एक दिवस चेंडू त्यांच्याकडे येतो आणि ती तो परत फेकतात. तिथून पुढे भूकही वाढलेली दिसते.

चारनंतर घरकाम सुरू. शाळेचा शर्ट धुऊन वाळत टाकायचा, कारण बहुतेकांकडे एकच असतो. शेळ्या आणायच्या, सरपण आणायचं, चवळीचा पाला खुडायचा. रात्री उगाली, मक्याच्या पिठाचा उकडून घोटलेला घट्ट गोळा, आणि सोबत सुकुमा नावाची पालेभाजी किंवा मूग. मूग आणि तूर ही किटुईची मुख्य पिकं आहेत. आपल्याकडे आफ्रिकेची तूर येते ती अशाच कोरडवाहू पट्ट्यांतून. तुम्हाला वरण-आमटी करून मुलांना घालावीशी वाटेल. जरूर घाला, पण सुसूच्या चुलीवर, तिला विचारून, तिच्या शेजारी बसून. मांस क्वचित. चपाती सणाची. तीही गुजरातहून, पंजाबातून आलेल्या आपल्याच लोकांबरोबर तिकडे गेली आणि आता ख्रिसमसला केनियातल्या प्रत्येक घरात लाटली जाते. जेवण झालं की सौर दिव्याखाली अभ्यास, प्रार्थना, आणि नऊला झोप.

शनिवारी धुणं, डोकी भादरणं, मुलींच्या वेण्या घालणं. रविवारी चर्च, आणि ते लांबतं.

हा दिवस वाचताना कंटाळवाणा वाटतो, तसाच तो असायला हवा. ज्या मुलाने आईचं आजारपण पाहिलं, मग मावशीकडे, मग काकांकडे, मग रस्त्यावर असे दिवस काढले, त्याच्यासाठी "उद्या सकाळी उजी मिळणार आणि ती हीच बाई देणार" ही खात्री फार मोठी आहे. ती शब्दांनी पटत नाही. शेकडो सकाळी तसंच घडलं की शरीराला पटते.

कामाचा विषय निघाला की आपल्याकडची मंडळी लगेच बालमजुरी म्हणतात. तसं सरसकट म्हणू नका. किटुईतल्या आईबाप असलेल्या घरातलं मूलही पाणी आणतं, शेळ्या राखतं. जे मूल काहीच न करता मोठं होतं ते अठराव्या वर्षी बाहेर पडल्यावर त्या गावात टिकत नाही. प्रमाण मात्र बघा. काम शाळेच्या आड येतंय का, मुलींच्याच गळ्यात पडतंय का, आणि लहानांच्या वाट्याला मोठ्यांचं ओझं येतंय का. वीस लिटरचा भरलेला कॅन वीस किलोचा असतो. सात वर्षांच्या मुलाचं स्वतःचं वजनही तेवढंच असतं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथलं सगळं जगणं त्याच्याभोवती आहे. पाऊस वर्षातून दोनदा: मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. किटुईकर भरवसा ठेवतात तो दुसऱ्यावर. नद्या हंगामी, उरलेला काळ नुसती वाळू. या वाळूच्या नदीत आडवी काँक्रीटची भिंत घालतात. पुराबरोबर आलेली वाळू भिंतीमागे साचते आणि वाळूच्या कणांमधल्या जागेत पाणी धरून राहतं. ऊन लागत नाही म्हणून आटत नाही, उघडं नसतं म्हणून डास होत नाहीत. मराठवाड्यात उन्हाळ्यात नदीपात्रात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरतात ना, तीच गोष्ट भिंत बांधून पक्की केलेली. किटुई आणि मचाकोसमध्ये असे वाळूचे बंधारे पुष्कळ आहेत आणि न्युम्बानीसारख्या गावाचा त्यांच्यावर मोठा आधार आहे. तिथली घरं मातीच्या दाबून केलेल्या विटांची. मोकळ्या रानात मुकाऊची झाडं लावली आहेत. हे आपल्या बकाणा निंबाच्या कुळातलं झाड, वाळवी न लागणारं, टणक लाकडाचं. त्याच्या विक्रीतून पुढे गावाचा खर्च निघावा हा हेतू. देणगीचा ओघ आटला की बालग्रामात आधी माणसं कमी होतात, आणि माणूस गेलं की मूल पुन्हा उघड्यावर पडतं. म्हणून संस्थेचं स्वतःचं उत्पन्न काय, हा प्रश्न मला मुलांच्या वाढीचाच प्रश्न वाटतो.

आता मुख्य भाग, वाढ.

नवं मूल आलं की आधी वजन, उंची आणि पाच वर्षांखालच्यांचा दंडाचा घेर घ्यायचा. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. अंगणवाडीत वापरतात तीच पट्टी. नऊ वर्षांचं मूल सहाचं दिसतं, हे तिथे नेहमीचं. चांगलं खाणं आणि जंताचं औषध सुरू झालं की आधी वजन चढतं, गाल भरतात, केसांना काळेपणा येतो. उंची मागून येते, कधी कधी बरेच महिने थांबून. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत उंची हलली नाही तर घाबरू नका, पण मापं नियमित घ्या. एकच काटा, तीच वेळ, पायांत काही नाही. मापं घेणारा माणूसही शक्यतो तोच असावा. अगदी लहानपणी खुंटलेली उंची पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. हे मुलाच्या तोंडावर कोणी बोलू नये.

पण सारखं खाणं मिळूनही दोन घरांतली मुलं वेगवेगळी वाढतात, हे तुम्हाला दिसेल. यावर एक जुना, आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध असलेला पुरावा आहे. युद्धानंतरच्या जर्मनीत एल्सी विडोसन या ब्रिटिश आहारतज्ज्ञ दोन अनाथालयांतल्या मुलांची वजनं घेत होत्या. सहा महिन्यांनंतर एका ठिकाणच्या मुलांना जास्तीचा आहार सुरू झाला. नेमकी तेव्हाच दुसऱ्या ठिकाणची कडक, जेवणाच्या वेळी मुलांना सगळ्यांदेखत बोलणारी बाई बदली होऊन या घरी आली. जास्त खाऊनही या मुलांचं वजन पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या घरापेक्षा कमी वाढलं. १९५१ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. किटुईत काम करताना मला याची आठवण वारंवार झाली. वजनाचा आलेख एखाद्या घरातल्या सगळ्याच मुलांचा एकदम सपाट झाला तर मी धान्याच्या कोठीच्या आधी त्या घरात काय घडलं याची चौकशी करते. बऱ्याचदा सुसू आजारी पडून लेकीकडे गेलेली असते किंवा बदली बाई आलेली असते.

वाढीच्या काही खुणा काट्यावर दिसत नाहीत. नवी मुलं खाणं लपवतात. गादी उचलली की खाली वाळून कडक झालेला उगालीचा तुकडा, कागदात बांधलेली चपाती, मूठभर मका. त्यावर रागावायचं नसतं. शहाणी सुसू काय करते, तर त्या मुलाला एक झाकणाचा डबा देते आणि सांगते, हा तुझा, यात ठेव, मुंग्या लागणार नाहीत. काही महिन्यांत डबा रिकामा राहू लागतो. नंतर त्यात गोट्या, पेन्सिलीचे तुकडे, फोटो येतात. कोणत्याही तक्त्यापेक्षा तो डबा मला जास्त सांगतो. अंथरूण ओलं होणं, रात्री ओरडत उठणं, आणि शाळेत अक्षर ओळखूनही न वाचणं, हेही असंच हळूहळू सुटतं.

उलट, ज्या खुणेला पाहुणे भुलतात ती खूण चांगली नाही. गाडी थांबली की धावत येऊन अनोळखी माणसाच्या कमरेला मिठी मारणारं चार-पाच वर्षांचं मूल बघून लोक म्हणतात, किती प्रेमळ आहेत हो मुलं! घरात आपलं माणूस पक्कं असलेलं मूल असं करत नाही. ते आधी सुसूच्या लेसोमागे, म्हणजे तिने कमरेला गुंडाळलेल्या कापडामागे लपतं, तिथून तुम्हाला निरखतं, तिने मान हलवली की मग पुढे येतं. तुम्ही गेल्यावर मुलं लपली तर आनंद माना.

एचआयव्ही असलेल्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. इथे मुंबईचा थेट संबंध आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिपला या औषध कंपनीने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्याला १०,००० डॉलरच्या वर खर्च येत होता. भारतातल्या स्वस्त औषधांनी आफ्रिकेतल्या अशा घरांचं चित्र पालटलं. पूर्वी मुलांचं शेवटचं आजारपण नीट जावं एवढंच हाती होतं, आता त्यांच्या दहावी-बारावीचा विचार करावा लागतो. औषधं देणं मात्र सोपं नव्हतं. लहान मुलांचं जुनं पातळ औषध इतकं कडू असायचं की मुलं ते थुंकून टाकत. २०२१ पासून केनियात पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोलुटेग्राविरची गोळी आली आणि घराघरातली रोजची झटापट संपली. सुसू पुष्कळदा लिहिता-वाचता न येणारी असते, पण रेडिओवरच्या कांबा भाषेतल्या बातम्या चुकवत नाही. गोळी त्या बातम्यांना बांधून दिली की विसर पडत नाही. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: तिकडे घड्याळ सहा तासांनी मागे बोललं जातं. संध्याकाळी सात वाजता ते "रात्रीचा एक वाजला" म्हणतात. औषधाची वेळ लिहिताना घोटाळा होऊ देऊ नका.

आपल्याला काय झालंय हे मुलाला कधी सांगायचं, हा तुमच्यापुढे येणारच असा प्रश्न आहे. सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, टप्प्याटप्प्याने, त्याला झेपेल तसं सांगावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. माझंही मत तेच. वर्गातल्या पोस्टरवरून किंवा भांडणात कोणाच्या तोंडून कळलं तर मूल औषध सोडतं. सांगताना सुसू शेजारी असलीच पाहिजे. तुम्ही सांगायचं, तिने हात धरायचा, आणि नंतरचे सगळे प्रश्न तिला येणार हे धरून तिची तयारी आधी करून घ्यायची.

आजी-आजोबांच्या घरांची जमेची बाजू ही, की ती मुलं कांबा घरात वाढतात. भाषा, गोष्टी, शेतीची रीत, सिसालच्या, म्हणजे घायपाताच्या दोऱ्याची क्योंदो टोपली विणणं, वडीलधाऱ्यांशी कसं बोलायचं, हे सगळं आपोआप येतं. अडचणही तिच्यातच आहे. सुसूचं वय साठ-सत्तर. लहान मूल ती सहज सांभाळते, पण पंधरा वर्षांचा मुलगा रात्री उशिरा घरी आला तर तिचं बळ पुरत नाही. आणि ती जाते. मुलाने एकदा सगळं गमावलेलं असतं, ते पुन्हा गमावतं. चांगल्या गावात याची तयारी आधीपासून असते. पुंजक्यातल्या चारही सुसू सगळ्या मुलांना ओळखतात, मोठ्या मुलांसाठी वेगळा पालक नेमलेला असतो. अंत्यविधीला मुलांना नेलं जातं आणि घर लगेच मोडून मुलं चार ठिकाणी वाटली जात नाहीत. सख्खी भावंडं कोणत्याही कारणाने वेगळी करायची नाहीत, ही तर माझी हट्टाची गोष्ट आहे.

तुम्ही जिथे जाल तिथे हाही प्रश्न विचारा: या मुलाला आपले नातेवाईक आहेत का, आणि मूल इथे असण्याचं खरं कारण काय? आफ्रिकेतल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचा आई किंवा बाप यांपैकी एक तरी जिवंत असतो. २०२० ते २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकेत लागोपाठ पाच हंगाम पाऊस फसला, तेव्हा नातेवाईक मुलांना सोडायला येत ते केवळ खायला घालता येत नाही म्हणून. गरिबी हे मुलाला घरापासून तोडायचं कारण होऊ नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. अशा वेळी चुलतीच्या घरी धान्य पोचवणं, सरकारी रोख मदतीत, महिना २,००० शिलिंगच्या, त्या घराचं नाव घालून देणं, हे बालग्रामाचं काम असायला हवं. केनियाने २०१७ मध्ये नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं. २०२२ मध्ये मुलांसाठी नवा कायदा आणला आणि मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्याचं दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. हे धोरण मला मनापासून पटतं. जिथे नातेवाईक नाहीतच किंवा घर धोक्याचं आहे, तिथे बालग्राम हवं. बाकीच्यांसाठी ते मुक्कामाचं ठिकाण असावं आणि परतीची वाट उघडी असावी.

त्या वाटेचा संबंध जमिनीशीही आहे. हे बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कांबा कुटुंबात बापाची जमीन मुलांकडे जाते. मूल दहा वर्षं गावाकडे फिरकलंच नाही तर चुलते ती नांगरतात आणि पुढे मुलाला कोणी ओळखत नाही. एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या सुट्टीत मूल आपल्या मूळ गावी जाऊन आलं, आत्याबरोबर तूर वेचली, शेजाऱ्यांनी "हा अमक्याचा मुलगा" म्हणून पाहिलं, की त्याचा हक्क जिवंत राहतो. काही संस्था सुट्टीतल्या खर्चाला कात्री लावतात. तिथे जरूर बोला.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही वर्षाने परत जाणार आहात. वर म्हटलेलं सगळं खरं असेल तर त्याचा अर्थ असा, की मुलांचं लाडकं माणूस होण्याचा तुम्ही प्रयत्न करू नये. तुम्हाला जमेल, लवकर जमेल, आणि तुमच्या जाण्याचा भार त्यांच्यावर पडेल. तुमचं काम सुसूंबरोबर. त्यांच्या गुडघेदुखीचं औषध वेळेवर येतंय का, त्यांना सुट्टी मिळते का, बदली बाई ओळखीची असते का, किशोरवयीन मुलांशी कसं बोलावं याबद्दल त्यांना कोणाशी बोलता येतं का, हे बघा. संध्याकाळी त्यांच्याबरोबर टोपली विणायला बसा, सगळी माहिती तिथेच मिळते. कांबा भाषेतले नमस्काराचे चार शब्द आणि कामापुरती स्वाहिली आधी शिका. मुलांचे फोटो काढून फेसबुकवर टाकू नका, विशेषतः एचआयव्ही असलेल्या मुलांच्या गावातले तर नाहीच. कपडे, खेळणी, चॉकलेट वाटू नका. द्यायचंच असेल तर सुसूच्या हाती द्या, तिला देऊ द्या. बिनपगारी कामालाही केनियात परवाना लागतो, तो संस्थेकडून लेखी मागून घ्या. तुमच्या पोलीस पडताळणीची मागणी संस्थेने स्वतःहून केली नाही, तर त्या संस्थेत मुलांच्या सुरक्षिततेकडे कितपत लक्ष आहे याची शंका घ्या.

आणि पहिल्याच आठवड्यात फायली मागा. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आहे का, आईबापाचं ओळखपत्र किंवा मृत्यूचा दाखला आहे का, न्यायालयाचा आदेश आहे का, गाव आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन लिहिलेला आहे का, ते तपासा. केनियात अठरा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय ओळखपत्र काढावं लागतं. त्याशिवाय बँक खातं नाही, स्वतःच्या नावावर सिमकार्ड नाही, नोकरी नाही. जन्मदाखला आणि आईबापांची कागदपत्रं नसली की तिथेच सगळं अडतं, आणि सतराव्या वर्षी धावाधाव करून ती मिळत नाहीत. मराठी माणसाला तलाठी कार्यालयाची सवय असते, चिकाटीने खेटे घालता येतात, ते इथे कामाला येईल. वर्षभरात निम्म्या मुलांचे कागद जरी पूर्ण करून घेतलेत तरी मोठं काम झालं. आधी पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलांपासून सुरुवात करा, मग खाली या.